खालच्या बँडवरील तारेची अँटेना : जुळणीचे शास्त्र आणि शक्तीचा हिशेब
प्रस्तावना

हौशी रेडिओच्या, म्हणजे हॅम रेडिओच्या, व्यवहारात १६०, ८० आणि ४० मीटर तरंगलांबीच्या पट्ट्यांना खालचे बँड म्हटले जाते. त्यांची वारंवारता अनुक्रमे १.८, ३.५ आणि ७ मेगाहर्ट्झपासून सुरू होते. दिवसा आयनांबरातला सर्वांत खालचा, ‘डी’ नावाने ओळखला जाणारा थर या लहरी मोठ्या प्रमाणात शोषून घेतो आणि सूर्यास्तानंतर तो विरतो, त्यामुळे दिवसा शेजारच्या जिल्ह्यापुरती राहणारी हाक रात्री खंडापलीकडे पोहोचू शकते. हे बँड अँटेनाच्या बाबतीत मात्र फार मागणी करणारे आहेत. अर्ध्या तरंगलांबीच्या तारेची मीटरमधली लांबी काढण्यासाठी १४३ ला मेगाहर्ट्झमधील वारंवारतेने भागण्याचा जो व्यवहारी नियम आहे, त्यानुसार ही तार ४० मीटरच्या बँडवर २० मीटर, ८० मीटरच्या बँडवर ४० मीटर आणि १६० मीटरच्या बँडवर ७८ मीटरच्या आसपास भरते. एवढ्या आकाराची फिरती अँटेना मनोऱ्यावर चढवणे बहुतेकांच्या आवाक्याबाहेरचे असल्याने तार हेच येथे मुख्य साधन ठरते, आणि ही तार ट्रान्समीटरशी कशी जोडावी हा या शास्त्राचा मध्यवर्ती प्रश्न होतो.

या प्रश्नाची मांडणी समजण्यासाठी काही संज्ञा आधी स्पष्ट व्हायला हव्यात. रेडिओ वारंवारतेच्या प्रवाहाला परिपथात होणाऱ्या एकूण अडथळ्याला इम्पीडन्स म्हणतात आणि तो ओहममध्ये मोजतात. त्याचे दोन घटक असतात : रेझिस्टन्स, ज्यात शक्ती खरोखर खर्च होते, मग ती लहरींच्या रूपाने बाहेर पडो वा उष्णतेत जावो, आणि रिॲक्टन्स, ज्यात ऊर्जा क्षणभर साठून परत फिरते. तारेची लांबी वारंवारतेशी अशी जमली की रिॲक्टन्स शून्य होतो, तर त्या स्थितीला अनुनाद किंवा रेझोनन्स म्हणतात. अँटेनापासून ट्रान्समीटरपर्यंत शक्ती वाहून नेणाऱ्या वाहिनीला फीडलाइन म्हणतात. तिच्या तारांची जाडी, त्यांच्यातले अंतर आणि मधले विद्युतरोधक द्रव्य यांवरून तिचा स्वतःचा एक अंगभूत इम्पीडन्स ठरतो. नेहमीच्या को-ॲक्सियल केबलचा तो ५० किंवा ७५ ओहम असतो, तर दोन समांतर उघड्या तारांच्या फीडलाइनचा साधारण ४५० ते ६०० ओहम. अँटेनाचा आणि फीडलाइनचा इम्पीडन्स वेगळा असला की शक्तीचा काही भाग परावर्तित होतो, पुढे जाणारी आणि मागे येणारी लहर मिळून फीडलाइनवर व्होल्टेजचे स्थिर चढउतार उभे राहतात आणि त्यांतल्या कमाल व किमान मूल्यांच्या गुणोत्तराला स्टँडिंग वेव्ह रेशो, म्हणजे हॅम मंडळींच्या रोजच्या बोलण्यातला एसडब्ल्यूआर, म्हणतात. हे गुणोत्तर २ असेल तर सुमारे ११ टक्के आणि ३ असेल तर २५ टक्के शक्ती अँटेनाच्या टोकाशी परत फिरते.

परत फिरलेली ही शक्ती वाया गेली असे समजणे, हा या क्षेत्रातला सर्वांत चिवट गैरसमज आहे. ट्यूनर, म्हणजे कॉइल आणि कपॅसिटर यांनी बनलेली जुळणीची पेटी, नीट लावलेली असेल तर परतलेली लहर तेथून पुन्हा अँटेनाकडे वळते. दर फेरीत केबलमध्ये जेवढी जिरते तेवढीच गमावली जाते. त्यामुळे एसडब्ल्यूआरचा आकडा केबलच्या अंगच्या तोट्यापासून वेगळा काढून वाचला तर काहीच सांगत नाही. उदाहरणार्थ, ज्या केबलचा जुळलेल्या स्थितीतला तोटा ३.५ मेगाहर्ट्झवर ०.३ डेसिबल आहे, तिच्या टोकाशी एसडब्ल्यूआर ३ झाला तरी एकूण तोटा अर्ध्या डेसिबलच्या आतच राहतो, म्हणजे जवळपास ९० टक्के शक्ती अँटेनात पोहोचते आणि ऐकणाऱ्याला फरक जाणवतही नाही. उलट, ७ मेगाहर्ट्झसाठी कापलेली तार त्याच केबलने ३.५ मेगाहर्ट्झवर चालवली तर रेझिस्टन्स अगदी तुटपुंजा, रिॲक्टन्स प्रचंड आणि एसडब्ल्यूआर अतिशय मोठा होतो, आणि बहुतेक शक्ती केबलच तापवत राहते. केबल जितकी लांब आणि निकृष्ट, तितकी परत येणारी लहर वाटेतच क्षीण होते आणि ट्रान्समीटरजवळचा मीटर तितका चांगला आकडा दाखवतो. मीटर समाधानकारक आणि अँटेना मुकी, अशी परिस्थिती त्यातूनच उद्भवते.

या शास्त्राचा पाया हौशी रेडिओच्या जन्माआधीच घातला गेला होता. समुद्राखालच्या तारायंत्राच्या केबलमधून संदेश विस्कळीत होऊन का पोहोचतात, याचा शोध घेताना ऑलिव्हर हेविसाइड यांनी १८८० च्या दशकात वाहिनीवरील लहरींची समीकरणे मांडली, आणि त्याच दशकाच्या अखेरीस हाइनरिश हर्ट्झ यांनी मधोमध तोडलेल्या दोन भुजांच्या साधनाने, म्हणजे आजच्या डायपोलच्या पूर्वजाने, विद्युतचुंबकीय लहरी प्रयोगशाळेत सिद्ध केल्या. मार्कोनी यांनी डिसेंबर १९०१ मध्ये न्यूफाउंडलंडला अटलांटिकपलीकडचा संकेत ऐकला, तेव्हा त्यांची अँटेना पतंगाने उचलून धरलेली तारच होती. जर्मन हवाई जहाजांसाठी १९०९ मध्ये हान्स बेगेरो यांनी एका टोकाला शक्ती देण्याची रचना पेटंट केली आणि पुढे ती ‘झेपेलिन’ अँटेना म्हणून हौशी मंडळींत रुजली. अमेरिकेत १९१२ च्या कायद्याने हौशींना निरुपयोगी समजल्या गेलेल्या २०० मीटरखालच्या तरंगलांबींवर ढकलले होते. त्याच लहरींवर, ११० मीटरच्या आसपास, नोव्हेंबर १९२३ मध्ये फ्रान्सचे लेऑन देलॉय आणि अमेरिकेचे फ्रेड श्नेल यांनी अटलांटिकपार दुतर्फा संभाषण घडवून आणले आणि लघुलहरींचे युग सुरू झाले.

त्यानंतरच्या काही दशकांत आजच्या बहुतेक रचना आकाराला आल्या. लॉरेन विंडम यांनी १९२९ मध्ये मध्यापासून सरकवून एकाच तारेने शक्ती देण्याची पद्धत विस्ताराने मांडली आणि मध्याबाहेर जोडणी करणाऱ्या अँटेनांना आजही त्यांचे नाव चिकटलेले आहे. बेल लॅबोरेटरीजमधील लॉइड एस्पेन्शिड आणि हर्मन ॲफेल यांनी आधुनिक को-ॲक्सियल केबल विकसित केली. त्याच संस्थेतील फिलिप स्मिथ यांनी १९३९ मध्ये फीडलाइनवरच्या इम्पीडन्सचा सगळा प्रवास एका वर्तुळात दाखवणारा आलेख प्रसिद्ध केला. स्मिथ चार्ट या नावाने तो आजही प्रत्येक अँटेना-अभियंत्याच्या हाताशी असतो. ब्राउन, लुईस आणि एप्स्टाइन यांनी १९३७ मध्ये उभ्या अँटेनाखाली पुरलेल्या तारांचा, म्हणजे रेडियलचा, कार्यक्षमतेवर होणारा परिणाम मोजून दाखवला. लुई व्हार्नी यांनी १९४६ मध्ये आखलेली आणि त्यांच्या जी५आरव्ही या संकेतनामाने ओळखली जाणारी १०२ फुटांची तार मुळात १४ मेगाहर्ट्झसाठी होती. पण मर्यादित जागेत अनेक बँड देणारी म्हणून ती जगभर पसरली. ग्वानेला यांच्या १९४४ च्या आणि रुथरॉफ यांच्या १९५९ च्या लेखांनी फेराइट गाभ्यावर गुंडाळलेल्या रुंदपट्टी ट्रान्सफॉर्मरचा मार्ग खुला केला.

एसडब्ल्यूआरची आजची धास्ती मात्र पुढच्या काळातली आहे. व्हॉल्व्हच्या ट्रान्समीटरला शेवटी पाय-नेटवर्क नावाचा जुळणी परिपथ असे आणि चालवणारा तो हाताने लावून निरनिराळ्या इम्पीडन्सशी जमवून घेई. १९७० च्या दशकानंतर अर्धवाहकांचे ट्रान्समीटर आले, त्यांचा निर्गम ५० ओहमला बांधलेला होता आणि एसडब्ल्यूआर वाढताच ते स्वतःच्या संरक्षणासाठी शक्ती कमी करू लागले. यंत्राची ही गरज पाहता पाहता अँटेनाची गुणवत्ता ठरवण्याची मोजपट्टी झाली. वॉल्टर मॅक्सवेल यांनी १९७३ पासून सुरू केलेल्या लेखमालेत आणि पुढे ‘रिफ्लेक्शन्स’ या ग्रंथात परावर्तनाचे खरे गणित समजावून या समजुतीचा सविस्तर प्रतिवाद केला. बेल्जियमचे जॉन देवोल्देर यांनी खालच्या बँडवरील दूरसंपर्काचे संपूर्ण शास्त्र एका ग्रंथात आणले, आणि लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेत विकसित झालेल्या संगणकीय प्रतिमानाने कोणतीही तार उभारण्याआधी तिचा अंदाज बांधणे शक्य केले.

आज या क्षेत्रात प्रामुख्याने चार विचारधारा दिसतात. पहिली अनुनादवादी : प्रत्येक बँडसाठी तार नेमकी कापावी, मध्यावर को-ॲक्स जोडावी आणि जुळणी अँटेनापाशीच साधावी. ही पद्धत साधी आणि विश्वासार्ह आहे. पण ८० मीटरचा बँड आपल्या आंतरराष्ट्रीय रेडिओ-विभागात ३.५ ते ३.९ मेगाहर्ट्झ एवढा, म्हणजे वारंवारतेच्या मानाने फार रुंद असल्याने बँडच्या मध्यासाठी कापलेल्या तारेचा एसडब्ल्यूआर दोन्ही कडांना ३ च्या पुढे सहज जातो. दुसरी धारा समस्वरित फीडलाइनची : तार जागेत मावेल तेवढी लांब घ्यावी, उघड्या समांतर तारांनी शक्ती न्यावी आणि जुळणी ट्यूनरवर सोपवावी. अशा फीडलाइनचा मूळ तोटा इतका अल्प असतो की एसडब्ल्यूआर १० झाला तरी खालच्या बँडवर एकूण तोटा १ डेसिबलच्या आत राहतो. मात्र ती भिंतीपासून, गजांपासून आणि पाण्याच्या टाकीपासून दूर न्यावी लागते. तिसरी धारा तडजोडीची : जी५आरव्ही, मध्याबाहेर जोडलेली तार आणि अलीकडे फार लोकप्रिय झालेली एका टोकाला जोडलेली अर्धतरंग तार, जिचा सुमारे अडीच हजार ओहमचा इम्पीडन्स ४९ ला १ या प्रमाणाच्या ट्रान्सफॉर्मरने ५० ओहमवर आणला जातो. चौथी धारा उभ्या आणि उलट्या ‘एल’ आकाराच्या तारांची. १६० मीटरवर आडवी तार पुरेशी उंच चढवणे जवळजवळ अशक्य असल्याने तेथे ती प्रबळ ठरते. पण तिचे यश तारेपेक्षा जमिनीवर अवलंबून असते.

या चौथ्या धारेतच प्रस्तुत पुस्तकाचे मुख्य सूत्र सर्वांत स्पष्ट दिसते. एखाद्या आखूड उभ्या तारेचा प्रारणाचा, म्हणजे लहरी बाहेर टाकण्याचा, रेझिस्टन्स १० ओहम आणि जमिनीतल्या तोट्याचा रेझिस्टन्स ४० ओहम आहे असे समजावे. रिॲक्टन्स कॉइलने काढून टाकला की बेरीज ५० ओहम भरते, एसडब्ल्यूआर अचूक १ दिसतो आणि १०० वॅटपैकी केवळ २० वॅट बाहेर पडतात. त्याच अँटेनाखाली रेडियल पसरून जमिनीचा तोटा १५ ओहमवर आणला तर बेरीज २५ ओहम होते, एसडब्ल्यूआर बिघडून २ होतो आणि ट्यूनरने जुळवल्यावर बाहेर पडणारी शक्ती ४० वॅट होते. मीटरच्या मते अँटेना बिघडली, प्रत्यक्षात तिची कामगिरी दुप्पट झाली. जुळणी म्हणजे सुईचा समाधानकारक आकडा नव्हे, तर तार, फीडलाइन, ट्यूनर आणि जमीन यांना एकच व्यवस्था मानून घातलेल्या प्रत्येक वॅटचा घरखर्चासारखा चोख हिशेब लावणे होय, हे या पुस्तकाचे प्रतिपादन आहे.

या हिशेबातली एक नोंद फार वेळा सुटते. को-ॲक्सला दिसायला दोन वाहक असतात : मधली तार आणि तिच्याभोवतीची जाळी. रेडिओ वारंवारतेचा प्रवाह धातूच्या पृष्ठभागालगतच वाहतो, त्यामुळे जाळीची आतली बाजू आणि बाहेरची बाजू हे प्रत्यक्षात दोन स्वतंत्र वाहक होतात. डायपोलच्या एका भुजेला मधली तार आणि दुसऱ्या भुजेला जाळी जोडली की जाळीच्या बाहेरच्या बाजूवरून प्रवाहाला खाली उतरण्याची तिसरी वाट मिळते. मग केबल स्वतःच अँटेना बनते, प्रक्षेपणाच्या वेळी मायक्रोफोनला हात लावताच चटका बसू शकतो, आणि ग्रहणाच्या वेळी घरातल्या उपकरणांचा गोंगाट याच वाटेने वर चढून अँटेनात शिरतो. केबल फेराइटच्या कड्यावर दहा-बारा वेढ्यांनी गुंडाळून केलेला चोक ही वाट अडवतो. हॅम मंडळी ज्याला बॅलन म्हणतात त्याचे खरे काम बहुतेक ठिकाणी इम्पीडन्स बदलण्याचे नसून हेच असते. खालच्या बँडसाठी ३१ क्रमांकाच्या मिश्रणाचा फेराइट पसंत केला जातो, कारण या वारंवारतांवर तो मोठा अडथळा उभा करतो.

हा विषय आज अधिक निकडीचा होण्याची काही ठोस कारणे आहेत. पंचविसाव्या सौरचक्राचा शिखरकाळ २०२४ च्या सुमारास गाठला गेला असल्याने पुढील काही वर्षांत सूर्यडाग ओसरत जातील, वरचे बँड रोडावतील आणि रात्रीचा दूरसंपर्क अधिकाधिक खालच्या बँडवर येईल. दुसरीकडे एलईडी दिवे, चार्जर आणि सौर इन्व्हर्टर यांनी शहरांतला रेडिओ-गोंगाट इतका वाढवला आहे की ग्रहण हीच अवघड बाजू झाली आहे. हॅरल्ड बेव्हरेज यांनी १९२० च्या दशकाच्या आरंभी दाखवलेल्या लांब, जमिनीलगतच्या, केवळ ऐकण्यासाठीच्या तारेचे महत्त्व त्यामुळे पुन्हा वाढले आहे. तिसरे कारण आशादायी आहे. नॅनोव्हीएनए हे खिशात मावणारे, स्वस्त मापक उपलब्ध झाल्यापासून रेझिस्टन्स आणि रिॲक्टन्स वेगवेगळे मोजून स्मिथ चार्टवर पाहणे, जे पूर्वी बहुतांशी प्रयोगशाळेतच शक्य होते, ते आता गच्चीवर उभे राहून करता येते. मोजमाप हाती आले आहे. त्याचा अर्थ लावण्याची समज त्यासोबत यायला हवी.

भारतात आणि विशेषतः महाराष्ट्रात या विषयाला स्वतःचा संदर्भ आहे. १९४२ च्या आंदोलनात उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईतून चालवलेला गुप्त काँग्रेस रेडिओ ४२.३४ मीटरवर, म्हणजे आजच्या ४० मीटरच्या बँडवरच, ऐकू येत असे. या शतकात हैदराबादचे अश्हर फरहान यांनी रचलेल्या बिटएक्स मालिकेतील ४० मीटरच्या संचाने थोड्या खर्चात सुमारे ७ वॅटचे केंद्र अनेकांच्या टेबलावर आणले, आणि ७ वॅटपैकी निम्मे वाटेत गमावणे परवडणारे नसल्याने जुळणीचा प्रश्न अधिक तीव्र झाला. येथील साधनेही वेगळी आहेत. केबल टीव्हीची ७५ ओहमची आरजी-६ स्वस्त मिळते आणि डायपोलशी चांगली जमते. मात्र तांब्याचा पातळ मुलामा दिलेली तिची पोलादी मधली तार १.८ मेगाहर्ट्झवर अपेक्षेपेक्षा जास्त तोटा करते, कारण तेथे प्रवाह मुलाम्याच्या आत पोलादापर्यंत उतरू लागतो. घरच्या वायरिंगची दीड चौरस मिलिमीटरची तार दहा सेंटिमीटर अंतरावर समांतर धरली, मध्ये पीव्हीसी पाइपचे तुकडे आडवे बांधले, की सुमारे ६०० ओहमची उत्तम फीडलाइन तयार होते. त्याच तारेवरच्या वेष्टनामुळे अँटेनाची लांबी सूत्रापेक्षा थोडी कमी पुरते, म्हणून कापताना आधी जास्तच ठेवावी लागते.

ऋतूंचा आणि मातीचा विचार तर येथे टाळताच येत नाही. ८० मीटरच्या बँडवर गच्चीच्या उंचीची, म्हणजे १० मीटरवरची, आडवी तार तरंगलांबीच्या जेमतेम आठव्या हिश्श्याएवढी उंच असते. अवकाशात ७३ ओहम असणारा डायपोलचा रेझिस्टन्स तेथे बराच उतरतो, त्यात जमिनीत जिरणाऱ्या शक्तीचा वाटा मिसळतो आणि बहुतेक शक्ती सरळ वर जाते. ती आयनांबरावरून परतून काहीशे किलोमीटरच्या परिसरात पडते. त्यामुळे अशी अँटेना परदेशी संपर्कासाठी दुबळी, पण आपत्तीच्या वेळी जिल्ह्या-जिल्ह्यांत संपर्क ठेवण्यासाठी नेमकी उपयोगी ठरते. देशावरची भिजलेली काळी माती आणि कोकणातला कोरडा जांभा यांची विद्युतवाहकता सारखी नसते. एकाच ठिकाणची जमीनही मे महिन्यात आणि ऑगस्टमध्ये वेगळी वागते. प्लास्टिकच्या पट्टीत बसवलेल्या समांतर तारांची फीडलाइन पावसात भिजली की तिची विद्युत लांबी बदलते आणि ट्यूनरची जुळणी हलते. वळवाच्या आणि पावसाळ्याच्या विजा खालचे बँड कडकडाटाने भरून टाकतात. हिवाळा हाच त्यांचा खरा हंगाम. वीजवाहक तारांपासून पुरेसे अंतर आणि विजांपासून संरक्षण या गोष्टी अँटेनाच्या आखणीचाच भाग आहेत, नंतरची पुरवणी नव्हे.

प्रस्तुत पुस्तकाचा प्रयत्न या पार्श्वभूमीवर पाहावा. एका सर्वोत्तम अँटेनाचा नकाशा वाचकाच्या हाती देणे हा त्याचा हेतू नाही, कारण उपलब्ध जागा, उंची, माती, शक्ती आणि संपर्काचे उद्दिष्ट ठरल्याशिवाय सर्वोत्तम या शब्दाला अर्थ नसतो. चारही विचारधारांकडे ते साधनांचा संच म्हणून पाहते आणि कोणत्या परिस्थितीत कोणती कमी तोट्याची ठरते, हे मोजमापाच्या आधारे तपासते. शालेय बीजगणितापलीकडचे गणित जेथे अपरिहार्य आहे तेथेच ते येते आणि प्रत्येक सूत्रामागे भौतिक कारण दिले जाते. परवान्याच्या परीक्षेची तयारी करणारा नवोदित, सोसायटीच्या गच्चीवर एकच तार बांधण्याची मुभा असलेला शहरवासी आणि शेतात मोकळी जागा असलेला अनुभवी हॅम अशा तिघांचीही गरज लिहिताना समोर ठेवलेली आहे.

वाचकाकडून एकच अपेक्षा आहे. तार उभारल्यावर फीडलाइनच्या दोन्ही टोकांचा इम्पीडन्स मोजावा, केबलचा प्रकार, लांबी आणि जमिनीचे वर्णन लिहावे आणि हीच मोजणी पावसाळ्यापूर्वी, पावसाळ्यात आणि हिवाळ्यात पुन्हा करावी. परदेशी हस्तपुस्तकांतली कोष्टके त्या त्या देशांच्या मातीवर आणि हवामानावर उभी आहेत; सह्याद्रीच्या दोन्ही बाजूंच्या जमिनीसाठी तशी कोष्टके तयार करण्याचे काम येथील हौशी रेडिओ-चालकांनाच करावे लागेल, आणि त्यासाठी लागणारी साधने आता त्यांच्याजवळ आहेत.